कॅमल वेलच्या उत्तरेला

मर्व्ह हरवल्याला सात महिने झाले, तेव्हा ग्लेनिसने शेडमधून त्याचं जमिनीतला धातू हुडकणारं जुनं यंत्र काढलं, धूळ पुसली, बॅटरी भरली आणि कॅमल वेलला, सोनं शोधणाऱ्यांच्या तळावर, जाऊन राहायचं ठरवलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. जिने जन्मभर सोनं शोधणाऱ्या नवऱ्याची टिंगल केली, तीच आता कानाला हेडफोन लावून रानोमाळ हिंडणार म्हटल्यावर कुलगारा गावाला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

गावाला विषय लागतातच. मर्व्हचाही त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला होता. नोव्हेंबरात, तिकडचा उन्हाळा तापायच्या आधीची शेवटची फेरी म्हणून तो मंगळवारी गेला; शुक्रवारी यायचा तो आला नाही. शनिवारी पोलिसांना कॅमल वेलच्या जुन्या विहिरीपाशी त्याची गाडी सापडली. कुलूप लावलेली, मागे पाण्याचा निम्मा ड्रम. मग अकरा दिवस ऐंशी माणसांनी, दोन हेलिकॉप्टरांनी आणि माग काढणाऱ्या एका म्हाताऱ्याने जिवाचं रान केलं. शोध सगळा दक्षिणेला, खाऱ्या तळ्याच्या बाजूला चालला होता, कारण मर्व्हचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार डेन्झिल याने पोलिसांच्या सारजंट बाईंना छातीठोक सांगितलं होतं, की आम्ही दोघं वर्षभर तिकडेच काम करतोय, मर्व्ह दुसरीकडे जाणारच नाही. बूट मिळाला नाही, टोपी मिळाली नाही, हाड मिळालं नाही. बाराव्या दिवशी सारजंट बाई ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात बसून "आम्ही थांबतोय" म्हणाल्या, आणि तेराव्या दिवसापासून पबमध्ये सुरू झालं, की मर्व्ह बालीत बसून बिअर पीत असणार आणि शेजारी कोणीतरी तरणीताठी असणार.

वाईट याचं, की कधीकधी तिलाही ते खरं वाटायचं. पस्तीस वर्षांच्या संसारात तो निम्मा वेळ घराबाहेर होता, आणि कुठे होता ते त्याने एकदाही धड सांगितलं नव्हतं. मेला असेल तर तिला त्याला पुरायचं होतं. पळाला असेल तर शिव्या घालून मोकळं व्हायचं होतं. यातलं एकही करता येत नव्हतं. घरात त्याचे कपडे टांगलेले, आणि ते वाटून टाकावेत की नाही हेसुद्धा कोणी सांगू शकत नव्हतं.

पोलिसांनी हरवलेला माणूस शोधला, असं तिचं म्हणणं. हरवलेली माणसं उताराने जातात, सावलीकडे जातात, रस्त्याकडे जातात, असं त्यांच्या पुस्तकात असतं. पण मर्व्ह हरवायला थोडाच गेला होता? तो सोनं शोधायला गेला होता. त्याचे पाय जमिनीने ओढले असणार. तेव्हा आधी ही जमीन वाचायला शिकायची, मग ती मर्व्हला कुठे घेऊन गेली ते आपोआप कळेल. हे ती कोणाला बोलली नाही. सगळ्यांना सांगितलं, की सोनं शोधायचंय.

कॅमल वेलला डेन्झिल आपल्या कारवानच्या, त्या चाकांवरच्या घराच्या, सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. उंच, हडकुळा, सत्तरीला टेकलेला माणूस. तिच्या हातातलं यंत्र पाहून त्याने चहाचा मग खाली ठेवला.

"ग्लेन, घरी जा," तो म्हणाला. "इथे माशा आहेत, साप आहेत आणि मी आहे. तिघांपैकी एकही तुला आवडत नाही."

"साप चालतील."

"अगं, चेष्टा नाही. सहा महिने नुसते बुटाचे खिळे खणशील."

"मग सहा महिने खणीन. तू शिकवतोस, की मी एकटीच सुरू करू?"

त्याने उरलेला चहा मातीत ओतला. मग म्हणाला, "एकटी कुठे जायचं नाही. माझ्या नजरेबाहेर जायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मर्व्हसारखी हीसुद्धा जायची, म्हणून बिचारा घाबरतोय, असं तिला वाटलं. एवढ्या महिन्यांत आपली काळजी करणारं हे एकच माणूस भेटलं, असं तिने मनाशी म्हटलंसुद्धा.

कॅमल वेलला तेव्हा तीसेक कारवान आणि तंबू होते. तिथे कोणी कोणाला "कुठे निघालास?" विचारत नाही, आणि विचारलंच तर खोटं सांगायचं, ही रीत. गाडी विहिरीपाशी ठेवायची आणि पायी निघायचं, म्हणजे चाकांचा माग राहत नाही. काही जण तर मागे झाडाची फांदी ओढत जातात, पावलं पुसायला. खड्डा खणला की बुजवायचा. तो नियमही आहे आणि सोयही. एखाद्याला चांगला पट्टा सापडला तर तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार, सख्ख्या बायकोला ताकास तूर लागू देणार नाही. मर्व्ह घरी आल्यावर ती विचारायची, "कुठे होतास?" तो म्हणायचा, "बाहेर." यावरून त्यांची पस्तीस वर्षं भांडणं झाली.

डेन्झिल शिकवायला मात्र झकास होता. रोज सकाळी तो पुढे आणि ती मागे, दक्षिणेला. कमरेला साखळी बांधून ती मातीत ओढत चालायचं, म्हणजे आपण कुठून फिरलो त्याची रेघ उमटते आणि परत येताना त्या रेघेला लागून दुसरा पट्टा धरता येतो. "शेत नांगरतात ना, तसं," तो म्हणायचा. "हौशी लोक माशीसारखे इकडून तिकडे उडतात. त्यांना काही मिळत नाही."

"सोन्याला चालायचा कंटाळा असतो," एकदा तो उकिडवा बसून म्हणाला. "जड ना ते! जिथे जन्मलं तिथून जरासं घरंगळतं, आणि पहिला अडथळा आला की बूड टेकतं. तुझ्या नवऱ्यासारखं."

"माझा नवरा बूड टेकत असता तर मी इथे कशाला आले असते?"

तो हसला नाही. त्याने एक पांढरीशुभ्र गारगोटी उचलून तिच्या हातावर ठेवली. "ही बघ. सुंदर दिसते ना? ही भुकेली. हिच्या पोटात काही नसतं. हिला बघून भुलायचं नाही. गंजल्यासारखी, तपकिरी, भोकं पडलेली गारगोटी दिसली, की तिथे थांबायचं. आणि कडा बघायच्या. कडा धारदार, तर दगड जवळचाच. गोल गुळगुळीत, तर लांबून वाहत आलाय. मातीचा रंग जिथे बदलतो, तांबडी संपून काळे दगड सुरू होतात, तो सांधा धरायचा. दगड खोटं बोलत नाहीत, ग्लेन."

माणसांबद्दल तो काही बोलला नाही.

तीन आठवड्यांत तिने काय काय खणलं! बुटाचे खिळे, काडतुसांच्या टोप्या, सार्डिनच्या डब्याची झाकणं, शंभर वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी विजारीचं बटण. यंत्र गुणगुणायचं, ते एकदम कण्हल्यासारखं वर गेलं की हिचं काळीज लक्कन हलायचं, कुदळीच्या टोकाला लावलेल्या लोहचुंबकाला टक् करून खिळा चिकटायचा, आणि डेन्झिल लांबून ओरडायचा, "आणखी पन्नास झाले की खोकं बनव!" तिची पाठ मोडून आली. टाचांना भेगा पडल्या. पण डोळे तयार होत होते. आधी जे नुसतं तांबडं रान होतं, त्यात आता तिला चढ दिसायचा, उतार दिसायचा, पाणी कधीकाळी कुठून वाहिलं असेल ते दिसायचं. आणि जितकं दिसायला लागलं तितकं तिला कळेनासं झालं, की मर्व्ह इथे वर्षभर काय करत होता. खाऱ्या तळ्याच्या बाजूला नुसती भुरकी रेती होती. कण न् कण गोल. गारगोट्या पांढऱ्या, भुकेल्या. काळा दगड औषधालाही नाही.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, तिला सोनं सापडलं.

डेन्झिलने तिला सकाळीच एक पट्टा आखून दिला होता. अर्ध्या तासात यंत्र कण्हलं, गोड, मऊ. कुदळीला काही चिकटलं नाही. माती प्लास्टिकच्या पावड्यात घेतली, निम्मी टाकली, यंत्रावरून फिरवली, पुन्हा निम्मी टाकली. शेवटी तळहातावर मूठभर रेती उरली, आणि तिच्यात शेंगदाण्याएवढा पिवळा खडा. ती किंचाळली. खरंच किंचाळली, आणि नाचली. पुरतं एक मिनिट तिला मर्व्हची आठवणसुद्धा झाली नाही, आणि मग झाली तेव्हा तिला आपलीच लाज वाटली.

डेन्झिल धावत आला नाही, चालत आला. "बघ! म्हटलं नव्हतं? मर्व्ह खूश झाला असता," तो म्हणाला. "आता हे घेऊन घरी जा, ग्लेन. गळ्यात घाल. शोधलंस, सापडलं. पुरे झालं."

दुपारी ती कारवानच्या पायरीवर बसून जुन्या दातांच्या ब्रशने खडा घासत होती. माती निघाली तसा खालच्या बाजूला चिकटलेला दगड दिसायला लागला. तपकिरी, भोकाभोकांची गारगोटी, आणि तिच्या अंगाला काळ्या दगडाचा कपचा. कड इतकी धारदार, की अंगठ्याला टोचली. तिने अंगठा तोंडात घातला आणि तशीच बसून राहिली.

धारदार म्हणजे जवळचा. पण त्या रेतीत असला दगड तिने चार आठवड्यांत एकदाही पाहिला नव्हता. लांबून वाहत आला असता तर गोल झाला असता. म्हणजे तो वाहत आलेला नव्हता. कोणीतरी खिशातून आणून तिथे पुरला होता, आणि हिला त्या पट्ट्यावर धाडलं होतं.

आधी तिला राग आला. म्हाताऱ्या विधवेची कीव! लहान मुलीला गोळी द्यावी तसं! मग राग जरा ओसरला आणि दुसरा प्रश्न उभा राहिला. डेन्झिलने हे आणलं कुठून? "आम्ही दोघं वर्षभर दक्षिणेलाच काम करतोय" असं तो पोलिसांना सांगून बसला होता. दक्षिणेला असला दगडच नव्हता.

ती त्याला काही बोलली नाही. "उद्यापासून दोन दिवस आराम," एवढंच म्हणाली. कॅमल वेलच्या उशाशीच एक कोरडा ओढा होता, उत्तरेकडून येणारा. बुधवारी आणि गुरुवारी ती सरपण गोळा करायच्या निमित्ताने त्याच्या पात्रात हिंडली. वाकून वाकून बघितलं. पांढऱ्या गारगोट्यांच्या गर्दीत एखादी तपकिरी होती, भोकांची. गोल झालेली. लांबून आलेली. अर्धा किलोमीटर वर गेल्यावर तिला तशाच सहा मिळाल्या, आणि त्या तितक्याशा गोल नव्हत्या.

रविवारी डेन्झिल पाणी आणि डिझेल आणायला कुलगाराला गेला. तो दुपारशिवाय यायचा नव्हता. ग्लेनिसने पाठीवर सहा लिटर पाणी घेतलं, पाव आणि खारवलेलं मांस घेतलं, कमरेला वॉकीटॉकी अडकवला, साखळी बांधली, म्हणजे परतीची वाट चुकणार नाही, आणि ओढ्याने उत्तरेला चालू लागली.

ओढ्याला दोन फाटे फुटले. डाव्या फाट्यात नुसती वाळू. उजव्यात तपकिरी गारगोट्या. ती उजव्याने गेली. तासाभराने त्यांच्या कडा बोटाला लागायला लागल्या. आणखी तासाभराने मुल्गाची खुरटी झाडी दाट झाली, माती काळवंडली आणि पायाखाली काळे दगड आले. समोर माळ एकदम तुटून दोन पुरुष उंचीचा कडा झाला होता, आणि कड्याच्या बुडाशी पाण्या-वाऱ्याने पोखरलेल्या कपारी होत्या. चार आठवड्यांच्या नवशिक्या बाईला जर जमीन इथे घेऊन आली, तर मर्व्हला ती हाताला धरूनच घेऊन आली असणार. यंत्र चालू करायचीसुद्धा गरज नव्हती.

कड्याखालच्या उतारावर साखळीच्या रेघा होत्या. एकाला एक लागून, सरळ, पन्नास-साठ. मे महिन्यात पाऊस झाला होता. त्याच्या आधीच्या रेघा टिकल्याच नसत्या. या ताज्या होत्या. बुजवलेले खड्डे दोन तऱ्हांचे. काही जुने, माती बसलेली, वर पालापाचोळा पसरलेला. आणि कितीतरी नवे, बुटाच्या बाजूने माती लोटून बुजवलेले, प्रत्येकावर अर्धचंद्रासारखी खूण. चार आठवडे ती त्या बुटाच्या मागे चालली होती. ती खूण तिला झोपेतही ओळखता आली असती.

तिसऱ्या कपारीत दगडांचा ढीग होता.

आपोआप पडलेले दगड नव्हते ते. एकेक उचलून, नीट, फटी न ठेवता रचलेले. ती गुडघ्यांवर बसली आणि पायाच्या बाजूने दगड काढायला लागली. आधी बूट दिसला. डाव्या बुटाला नाडीऐवजी भगवी सुतळी. नवी नाडी घे म्हणून ती दोन वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होती. आणखी दगड काढले तेव्हा पाय दिसला, विजार सुकून चिकटलेली, नडगीला कुदळीचा दांडा बांधलेला. यंत्राच्या वायरीने, घट्ट, पाच ठिकाणी. बांधणारे हात त्याचेच. गाठी त्याच्याच.

म्हणजे कड्यावरून पडून पाय मोडल्यावर तो लगेच मेला नव्हता. त्याने आपला पाय बांधला, या सावलीत सरपटत आला. कपारीच्या तोंडाशी ओलाव्याच्या आशेने हाताने उकरलेला कोपरभर खोल खड्डा होता. तो वाट बघत होता. पळाला नव्हता तो. कुठे बाली आणि कुठे काय! ग्लेनिस त्या बुटावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडली, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडा आनंदही होता, आणि त्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

पावलं वाजली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डेन्झिल झाडीतून बाहेर आला. तिने ओढत आणलेली साखळीची रेघ ओढ्याकडून होती. तो त्या बाजूने आलाच नव्हता. तो आडवाटेने, सरळ, रोजच्या वाटेने यावा तसा आला होता. तिच्याजवळ येऊन त्याने टोपी काढली.

"घरी जा म्हटलं होतं ना गं," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं."

त्याने बाजूला पडलेला एक दगड उचलून परत ढिगावर ठेवला.

"ऐंशी माणसं होती, डेन्झिल. सात किलोमीटरवर. हेलिकॉप्टर होतं. त्याला ते ऐकू येत असणार."

"ऐक माझं. पहिल्या दिवशी वाटलं, येईल तो आपल्या पायाने. मर्व्हच तो! मग म्हटलं, इकडे आणलं पोलिसांना तर अख्खं कॅमल वेल मागे येईल. आम्ही शपथ घातली होती एकमेकांना, जागा सांगायची नाही. कोणालाच नाही. त्यानेसुद्धा सांगितली नसती गं! माझ्यासाठीसुद्धा नसती सांगितली. तुला माहितेय तो."

तिला माहीत होतं. हेच तर वाईट होतं.

"मग मीच गुपचूप जाऊन बघतो म्हटलं," डेन्झिल पुढे म्हणाला. "पण माझ्यामागे सारखी माणसं. चौकशा. पाचव्या दिवशी जमलं."

"शोधाच्या पाचव्या दिवशी?"

"हो."

"तो जिवंत होता?"

डेन्झिलने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "अंग गरम होतं, ग्लेन. पण त्या उन्हात दगडसुद्धा गरम असतात. मी हाक मारली. बोलला नाही."

"नाडी बघितलीस?"

"नाही."

"का?"

"भीती वाटली."

"कशाची?"

ती उठून उभी राहिली. गुडघ्यांत कळ आली. त्याच्याएवढं उंच व्हावंसं तिला वाटलं, म्हणजे नीट त्याच्या डोळ्यांत बघता आलं असतं.

"आणि मग तू ह्याच्यावर दगड रचलेस आणि इथेच खणत बसलास."

"संपेपर्यंतच फक्त," तो घाईघाईने म्हणाला. "इथलं संपलं की सांगणार होतो. देवाशप्पथ. त्याचा निम्मा वाटा मी वेगळा ठेवलाय. एक कण इकडचा तिकडे केलेला नाही, हवं तर वजन करून बघ. तो तुझाच आहे. मी चोर नाही, ग्लेन."

आणि तो खरं बोलत होता. वाटा त्याने खरोखर वेगळा ठेवला असणार, गाळून, धुऊन, बाटलीवर मर्व्हचं नाव लिहून. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? तिने भांडण केलं नाही. कपारीच्या बाजूने धरत, ओरखडत ती कड्यावर चढली. वर मोकळा माळ होता आणि लांब दक्षिणेला कॅमल वेलच्या कारवानांचे पत्रे चमकत होते. तिने वॉकीटॉकी काढला.

"कॅमल वेल, कोणी ऐकतंय का? ग्लेनिस बोलतेय."

खरखर झाली. "ऐकतोय, ग्लेन. बोल की."

खालून डेन्झिल धापा टाकत वर आला होता. "नुसती मदत हवी म्हण," तो हळू आवाजात म्हणाला. "मी त्यांना वरून आणतो, माळावरून. खालचा पट्टा दिसणार नाही त्यांना. ग्लेन! अजून निम्मा शिल्लक आहे. तुझासुद्धा आहे तो. अगं, ऐक ना!"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. आता, या घडीलासुद्धा त्याला सोनंच दिसत होतं. मग तिने बटण दाबलं.

"मर्व्ह सापडलाय," ती म्हणाली. "मेलाय. पोलिसांना कळवा. आणि तुम्ही सगळे या. कोरड्या ओढ्याने उत्तरेला सात किलोमीटर, फाटा फुटतो तिथे उजवीकडे. तपकिरी गारगोट्या धरून चला, त्यांच्या कडा धारदार होत जातील. पुढे काळा दगड लागतो आणि उभा कडा आहे. कड्याखाली सोनं आहे. डेन्झिल म्हणतो अजून निम्मं शिल्लक आहे. ऐकलंत ना सगळ्यांनी?"

पलीकडे एकदम चार-पाच जणांचे आवाज एकमेकांवर चढले. डेन्झिल मटकन खाली बसला. "जगाला सांगितलंस तू," तो म्हणाला, आणि रडायला लागला. कशासाठी रडतो ते तिने विचारलं नाही. सोन्याचं नाव काढल्याशिवाय ती माणसं तासाभरात यायची नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कॅमल वेलला महिनाभर राहून ती एवढं तरी शिकली होती.

कारवानांच्या बाजूने धुळीचा लोट उठलेला दिसला तशी ती खाली उतरली. पहिली गाडी झाडी मोडत पाऊण तासात आली. तीन जण उतरले. दगडांच्या ढिगापाशी येऊन तिघांनी टोप्या काढल्या. तिघांच्याही गळ्यात हेडफोन होते.

"फार वाईट झालं, ग्लेन," त्यातला म्हातारा म्हणाला. "चांगला माणूस होता." त्याची नजर तिच्या खांद्यावरून काळ्या दगडांकडे गेली आणि परत आली.

"जा, खणा," ती म्हणाली. "मी अडवत नाही. पण सारजंट येईपर्यंत एकाने इथे बसायचं. ह्याला आता एकटं ठेवायचं नाही."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मागून आणखी गाड्या येत होत्या, दारं आपटत होती, कोणीतरी यंत्र चालू करून जमिनीवरून फिरवायला लागलंही होतं. कोणी बसायचं ते त्या तिघांचं ठरेना. एकाने बुटाने माती उकरली, दुसरा म्हणाला, "तू बस की, तुझे गुडघे दुखतात ना."

शेवटी ग्लेनिसच मर्व्हच्या पायाशी बसली, आणि सारजंट बाईंची गाडी येईपर्यंत तिथून हलली नाही.